गव्हाला मिळालेली सवड

मामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी सुरतेत डिंडोलीच्या नाक्यावर कामगार संघटनेची पत्रकं वाटत होतो. कडोदऱ्याच्या कोल्ड स्टोरेजमधला त्याचा सोबती भगवान सायकल टाकून धावत आला. "मामा गया रे..." एवढंच बोलला. न्यूमोनिया.

यशवंतमामा शेतकीचा पदवीधर. धुळ्याकडे नोकरी मिळेना, म्हणून सुरतेला आला आणि मटार, आंब्याचा रस गोठवण्याच्या त्या कारखान्यात पेट्या वाहू लागला. डोक्यातून गहू मात्र गेला नाही. एका हिवाळ्यात उबदार दिवसांमागून एकाएकी कडाका पडला आणि गावचा उभा गहू करपला, ते त्याने पाहिलं होतं. थंडी हळूहळू वाढली तर गहू अंगात साखर साठवतो, काटक होतो, गारठ्यात तगतो. एकदम पडली तर मरतो. कोणता गावरान गहू लवकर काटक होतो, हे त्याला शोधायचं होतं. बर्फखोलीच्या अलीकडे एक मध्यम गार खोली होती. शेठच्या परवानगीने मामाचे गव्हाच्या रोपांचे ट्रे तिथे ट्यूबलाइटखाली काही दिवस राहत, मगच बर्फखोलीत जात. शेठ पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत. मामा खवचट होता, बढाईखोरही. "तुझ्या पत्रकात लिहितोस तसं हाल काढून कोणी काटक होत नसतं," तो मला सुनवायचा. "उपाशी, अंधारातला गहू थंडीत सरळ मरतो."

माणसांना त्या मधल्या खोलीत थांबायला बंदी होती. तापलेल्या अंगणात ट्रक रिकामा करायचा आणि घामेजल्या अंगाने थेट बर्फखोलीत शिरायचं. गरम कोट मागितले की मुकादम म्हणे, "आदत पड़ जाएगी."

"मामा, गव्हाला थांब म्हणतात अन् तुला पळ," मी एकदा चिडून म्हणालो.

"गहू मरना तं शेठ पाव्हनास्ले काय दखाडी?" तो हसला... आणि बराच वेळ खोकत राहिला.

शोकसभेत शेठ म्हणाले, "यशवंतभाई तो ठंडी में पका हुआ आदमी था." मी उभा राहिलो. "ट्रेला दिली तेवढी सवड त्याला दिली असती तर..." पुढचं बोलू दिलं नाही. दोघांनी खांदे दाबून मला खाली बसवलं.

परवा कडोदऱ्याला गेलो. कोट अजून आलेले नाहीत. मधल्या खोलीत भगवान आणि बाकीचे डोक्यावर पेट्या घेऊन उभे होते. मुकादम दारातून शिव्या देत होता.

"अंगवरला घाम सुकू द्या, मंग जाऊत," भगवान म्हणाला. कोणी हललं नाही.

एवढं उभं राहण्यासाठी आधी एक माणूस मरावा लागला. मामा स्वतः तिथे एकदाही थांबला नव्हता.