खाचरातलं तळघर

रिहे गावात डोंगराच्या कुशीत सपाट तुकडा मिळाला म्हणून मी हुरळून गेलो. घर बांधलं, खाली तळघर, तळघरात बायकोच्या रियाजाची खोली. पहिल्याच पावसाळ्यात तिथे भिंतीच्या कडेने पाणी झिरपलं. ज्यांच्याकडून जमीन घेतली ते शेजारचे काका डोकावून म्हणाले, "ह्ये भाताचं खाचर हाय. पाणी धरायलाच केल्यालं. तुमी इचारलंच न्हाई."

मी हार मानणाऱ्यातला नाही. आतून भिंतीलगत फरशी फोडून चर काढला, कोपऱ्यात खड्डा, खड्ड्यात पंप. फरशी कोरडी झाली. काका हसले. "आदी पाव्हन्यासारखं घरात घ्यायचं, मग हाकलायचं!" मला राग आला. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र मी तो चर कौतुकाने दाखवायचो.

पाच वर्षं अशी गेली. यंदा मुलगी परदेशातून आली आणि तिने तळघरात एक छोटं यंत्र ठेवलं. आठवड्याने त्यावर लाल दिवा लागला. रेडॉन. दगडामातीतून निघणारा हा वायू, ना वास, ना रंग. उघड्यावर विरून जातो, बंद तळघरात साचतो, आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाच्या कर्करोगाची भीती. तो येत होता माझ्याच चरातून आणि उघड्या खड्ड्यातून. बायको रोज दोन तास तिथे बसून दीर्घ श्वास घेत होती. मी तिला लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिची छाती तपासून सगळं ठीक आहे म्हटलं, तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

मग खड्ड्यावर घट्ट झाकण बसवलं, चर आणि भेगा बुजवल्या, फरशीखालून पाइप काढून छपराच्या वर नेला, त्याला वायू बाहेर ओढणारा पंखा लावला. काकांनी घराच्या वरच्या अंगाला बाहेरून चर खणून पाणी ओढ्याकडे वळवलं. यात महिना गेला. तोवर बायको मोबाइलवरचा तानपुरा लावून व्हरांड्यात गात होती. मी शेजारी पेपर घेऊन बसायचो आणि पान उलटायला विसरायचो.

दिवा हिरवा झाला. मी ऐटीत सांगितलं, "आता खुशाल खाली जा."

"तुम्हाला पेपर वाचताना त्रास नको म्हणून जात होते," ती म्हणाली.

खरं होतं. ती खोली मी तिच्या रियाजासाठी बांधलीच नव्हती, माझ्या शांततेसाठी बांधली होती. फार लाज वाटली. तिचा तानपुरा अजून खालीच होता. मी जाऊन तो वर आणला.