फोटोवाल्यांचे हात

आमच्या शेजारच्या फोटोवाल्यांनी आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट बजावली: हलू नका. स्वतः मात्र ते कधी स्वस्थ बसल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही. भात शिजला का ते बघायला दहादा झाकण काढतात आणि कच्चा कसा राहिला, असं वहिनींनाच विचारतात.

वहिनींच्या भाचीच्या लग्नाचे फोटो आणि सगळं चित्रण फोटोवाल्यांच्या डिस्कवर होतं, चित्रण तुकड्यातुकड्यांनी. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या कामासाठी पुसून झालेली. तुकडे जोडून सलग फिल्म करायला गेले, तर ती डिस्कवर उतरेना. जागा रग्गड, पण डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीची, चार जीबीहून मोठी फाइल घेतच नाही. उपाय दोन. सगळं दुसरीकडे हलवून डिस्क नव्याने मांडायची. नाहीतर आतल्या सामानासकट मांडणी बदलायची, म्हणजे भरलेली कपाटं जागेवर ठेवून खालच्या फरश्या बदलायच्या. पहिल्याला वेळ लागतो. फोटोवाल्यांनी कोणता निवडला हे सांगायला नको.

"बॅकअप घेतलाय ना?" कॉम्प्युटरवाल्याने फोनवर विचारलं.

"घेतलाय की!"

"कुठे?"

"त्याच डिस्कवर. वेगळा फोल्डर केलाय."

"मी दुसरी डिस्क घेऊन येतो, काका. तोवर हात लावू नका."

काकांनी फोन ठेवला आणि हात लावला. 'काम चालू आहे, डिस्क काढू नका,' असं पडद्यावर आलं. चहा संपला तरी पट्टी जागची हलेना. "अडकलंय," म्हणत त्यांनी केबल उपटून परत लावली. डिस्क वाचता येत नाही, सगळं पुसू का, असं कॉम्प्युटरने अदबीने विचारलं.

"दादाला आता काय तोंड दाखवू?" वहिनी म्हणाल्या. "एकुलती एक पोर त्याची!"

"लग्न तर लागलंय ना? ते कुठे पुसलं गेलंय?"

"अहो, तुम्ही बोलूसुद्धा नका."

कॉम्प्युटरवाला आला, डोक्याला हात लावून झाला, मग डिस्क जोडून शोध सुरू केला. "मिळेल तेवढं मिळेल. पण संपेपर्यंत कुणी काही करायचं नाही. काका, कुणी म्हणजे तुम्ही."

काकांचा उजवा हात माऊसकडे सरकला. वहिनींनी तो ओढून मांडीवर गच्च धरला. समोरच्या घरातली सून काहीतरी मागायला आली होती. ते पाहून लाजून परत गेली.

बऱ्याच वेळाने पडद्यावर पहिला फोटो उमटला: भाची, डोळे मिटलेली, खालून अर्धी कापलेली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" म्हणत फोटोवाल्यांचा डावा हात निघाला.

वहिनींनी तोही धरला.