अर्धी गोळी

औषधाच्या दुकानात एक गृहस्थ विचारत होते, "गोळ्यांनी हिचे हात थरथरतात हो. लिथियमची गोळी अर्धीच दिली तर?" मी मध्येच ओरडलो, "आधी डॉक्टरांना विचारा!"

रसायनशास्त्र शिकवताना मी लिथियम धातू साबणाच्या वडीसारखा सुरीने कापायचो. आतली चकाकी बघता बघता काळवंडायची. घरी बायकोच्या, सुमनच्या, लिथियमच्या गोळ्याही तशाच सहज कापल्या. हळदीकुंकवाला चार बायकांसमोर कुंकू लावताना तिचा हात थरथरू नये म्हणून, तिला न सांगता. तिचा मनाचा आजार उलटला. "हीच गोळ्या चुकवते," नातेवाईक म्हणाले आणि मी मान डोलावली.

आता सुमन नाही. पुतण्या म्हणतो, "काका, कशाला उकरता?"

उकरणारच. गोळ्या मी कापल्या. सुमनने एकही चुकवली नव्हती.