एनिडचं डिनर

आमच्या लँकेशायरात डिनर दुपारी बाराला असतं. संध्याकाळी असतो तो चहा, मग ताटात मटण-बटाटे का असेनात! शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त काउन्सिलच्या घरभाडे-मदत खात्यातल्या पेव्हरेलला. लंडनकडून आलेला, इस्त्रीतला माणूस.

माझ्या शेजारच्या एनिड हारग्रीव्हजला त्यानं फोनवर विचारलं, "विल्फ क्रॅबट्री तुमच्याकडे डिनरला असतो?"

"रोज असतो की!"

विल्फ तिच्या मेलेल्या नवऱ्याचा दोस्त. बेकरीत रात्रपाळी करतो, बाराला हिच्याकडे जेवतो आणि आपल्या घरी जाऊन झोपतो. पेव्हरेलनं गृहीत धरलं, रात्री विल्फ इथेच, म्हणजे दोघं नवरा-बायकोसारखे राहतात. झालं! एकट्या बाईला म्हणून मिळणारी एनिडची घरभाड्याची मदत बंद. तिनं अपील केलं; ते हरली असती, तर लग्न होऊन ज्या घरात आली ते घर सोडावं लागलं असतं.

जाब विचारायला गेली, तर भरल्या रांगेसमोर हा काउंटरवरून खणखणीत आवाजात म्हणतो, "घरात पुरुष ठेवायचा तुम्ही आणि भाडं भरायचं आम्ही?" रांगेत तिच्या चर्चमधली निम्मी मंडळी होती.

तिथून आली ती तडक माझ्याकडे. निर्णयाच्या पत्रात 'रोज संध्याकाळी एकत्र जेवतात' असं होतं. मी म्हटलं, "अगं, डिनर म्हणजे त्याला रात्रीचं वाटलं! कळव, मिटून जाईल."

"मिटवायचंय कुणाला? चारचौघांत माझी अब्रू काढली मेल्यानं. चारचौघांतच तोंडघशी पाडते की नाही बघ."

तिनं फोन लावला. आवाजात नुसता मध. "मंगळवारी डिनरला या ना साहेब. विल्फ असेलच, डोळ्यांनी बघा."

मंगळवारी बाराला विल्फ जेवून गेला. संध्याकाळी सातला, धो धो पावसात पेव्हरेल दारात हजर. एनिड केसांना कर्लर लावून, गाऊनमध्ये.

"डिनर? ते केव्हाच झालं. विल्फ कामावर गेला." आणि धाडकन दार लावलं. मी खिडकीतून बघत होते. खोटं कशाला सांगू, जीव थंड झाला!

तरी त्या शहाण्यानं अहवालात लिहिलं, 'ठरल्या वेळी गेलो, बाईनं पुरुषाला लपवलं होतं.'

अपिलाच्या सुनावणीत न्यायाधीशबाईंनी विचारलं, "किती वाजता गेला होतात?"

"सातला. डिनरच्याच वेळी."

बाई आमच्याच भागातल्या, गिरणी कामगाराची लेक. चष्मा काढत म्हणाल्या, "मिस्टर पेव्हरेल, मी आता डिनरला उठतेय. जरा घड्याळ बघा." बाराला पाच मिनिटं कमी होती. पेव्हरेल कानापर्यंत लाल झाला.

जेवणानंतर निकाल आला. एनिडची मदत बंद झाल्या दिवसापासून पुन्हा चालू, घर तिचंच.

बाहेर पेव्हरेल पुटपुटला, "चुकलं माझं, मिसेस हारग्रीव्हज. एका शब्दाचा घोटाळा झाला."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं म्हटलं."

"इथे नको," एनिड हातमोजे चढवत म्हणाली. "सोमवारी काउंटरवरून म्हणा, रांग भरली की. त्या दिवशीच्याच आवाजात. मी येते, डिनरच्या आधी."