सुतळीची मोटर

आयटीआयमध्ये मी मोटर भरायला शिकले ती सुतळीवर. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी बसवायची, त्याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात, आणि ती तार तांब्याची असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या सरांनाही ठाऊक होतं. तांब्याची रिळं लोखंडी कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सरांच्या आतल्या खिशात. सर देवमाणूस, पण स्टॉक रजिस्टरला फार भ्यायचे. तार वापरली तर संपणार, संपली तर वरून कुणीतरी विचारणार. म्हणून बाहेरचे परीक्षक येत तेव्हाच, वर्षातून एकदा, ते कपाट उघडायचं. एरवी सुतळी. एकाच जुन्या मोटरीत आम्ही ती भरायची, सरांनी तपासायची, मग सोडून पुढच्या गटाला द्यायची. कित्येक बॅचच्या हातांनी ती सुतळी काळी तुळतुळीत झाली होती.

"हात बसला पाहिजे," सर म्हणायचे. "तांबं काय नि सुतळी काय!"

विजेला फरक पडतो की सर, असं मी एकदा म्हणाले आणि तासभर वर्गाबाहेर उभी राहिले. पूर्ण बॅचमध्ये मुलगी मी एकटी, त्यामुळे बाहेर उभी असले की तालुक्याला दिसायचे.

माझी खरी चूक म्हणजे हे सगळं मी घरी हसत हसत सांगितलं. नाना, म्हणजे माझे वडील, आधीच या शिक्षणावर नाराज. पोरीने शिवणकाम घ्यावं, नर्सिंग घ्यावं, हे पान्हे-पक्कड कशाला! सुतळीचं ऐकल्यापासून तर त्यांना चेवच चढला. पाव्हणे आले की मला हाक मारून विचारायचे, "काय व मिस्तरीन, आज कितली सुतळी गुंडाळी?" पाव्हणे हसायचे. मी चहा जरा जास्तच उकळायचे.

आणि नेमक्या उन्हाळ्यात, परीक्षेच्या आठवड्यात, सोमवारी विहिरीवरची मोटर जळाली. केळी निसवली होती, घड बाहेर पडत होते. शेजारच्यांनी तासभर पाणी दिलं, तेही शनिवारपर्यंतच देणार होते. बस स्टँडमागच्या वायंडिंगवाल्या चाचांकडे जळालेल्या मोटरींची रांग रस्त्यापर्यंत आलेली. आठ दिवस लागतील, म्हणाले.

"माझ्याकडे द्या," मी म्हणाले.

"सुतळी गुंडाळस तू, आनि मनी मोटर मांगस?"

स्वतःची मोटर माझ्या हाती द्यायला नाना तयार नव्हते, पण दुसरा इलाज नव्हता. बुधवारी पहाटे नानांनी मोटर रिक्षात टाकली. रस्ताभर मी मनात, तार बसते त्या छत्तीस खाचांचा जप करत होते. आयटीआयच्या मोटरीलाही छत्तीसच होत्या, मी चार वेळा मोजल्या होत्या. माझ्या गटातल्या दोघा पोरांना मी वडापाववर फितवलं होतं. सर यायच्या आत आम्ही नानांच्या मोटरीला वर्कशॉपचा हिरवा रंग फासला, टेबलावर ठेवली आणि मीच शेवटची भरलेली सुतळीवाली कोपऱ्यात पोत्याखाली ढकलली. परीक्षा झाली की पुन्हा अदलाबदल, असा बेत होता.

सर आले, मोटरीकडे पाहिलं, थोडा जास्तच वेळ पाहिलं आणि कपाट उघडलं.

दोन दिवस आम्ही ती मोटर भरली. तांबं हातात आल्यावर कळलं की सुतळीने हात खरंच बसवला होता. हे मी सरांना अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी दुपारी भुसावळहून आलेल्या परीक्षकांनी बटण दाबलं आणि मोटर गुणगुणायला लागली. परीक्षेतली मोटर फिरताना त्यांनी प्रथमच पाहिली असावी. ते इतके खूश झाले की म्हणाले, ही आता सोडायची नाही! ऑफिसातल्या काचेच्या कपाटात नमुना म्हणून ठेवा. तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून, माझं नाव घालून मोटरीवर डकवलीसुद्धा.

मला आनंदाने रडावं की नुसतंच रडावं, समजेना. बाहेर निंबाखाली नाना रिक्षा घेऊन थांबलेले. त्यांच्या डोळ्यांदेखत दोन शिपाई त्यांची मोटर उचलून ऑफिसात घेऊन गेले.

"मनी मोटर कोठे चालनी?"

"नाना, ती आते सरकारी व्हयनी."

"मंग केळीले पानी भी सरकार दी का?"

त्या रात्री मी जेवले नाही. केळी जाणार होती, आणि ती सुतळी गुंडाळणाऱ्या पोरीमुळे गेली हे नाना जन्मभर पाव्हण्यांना सांगणार होते.

शुक्रवारी सकाळी सरांनी मला एकटीला बोलावलं. मला वाटलं, संपलं. त्यांनी खिशातून वाळलेल्या झेंडूच्या फुलांचा एक दोरा काढून टेबलावर ठेवला.

"हा मोटरीच्या पंख्यात अडकला होता. आपल्या वर्कशॉपात दसऱ्याला मोटर पुजल्याचं मला आठवत नाही."

मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. सर बराच वेळ रजिस्टर चाळत बसले.

"यात 'मोटर, एक नग' असं लिहिलंय," ते शेवटी म्हणाले. "कुठली, ते नाही लिहिलेलं. तार मात्र भरून द्यावी लागेल."

दुपारी, ऑफिस जेवायला गेलं असताना, सर दारात उभे राहिले आणि आम्ही तिघांनी मोटरी बदलल्या. चिठ्ठी पाण्याने भिजवून सोडवली आणि सुतळीच्या मोटरीला डकवली.

शनिवारी मोटर विहिरीवर बसली. नाना स्टार्टरपाशी गेले आणि मागे सरले.

"दाब तू."

मी दाबलं. पाणी आलं. नाना ठिबकच्या नळीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "सुतळी नही ना?" बस्स, एवढंच.

पुढच्या आठवड्यात ते तांब्याचं नवं रीळ घेऊन स्वतः सरांकडे गेले आणि पोरांना यावर शिकवा म्हणाले. सरांनी हात जोडले, रीळ घेतलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

आता त्याच बस स्टँडमागे, चाचांच्या शेजारी, माझं वायंडिंगचं दुकान आहे. मागच्या वर्षी आयटीआयने माजी विद्यार्थिनी म्हणून माझा सत्कार केला. नानाही आले होते. पाहुण्यांना काचेच्या कपाटातली मोटर दाखवताना कुणीतरी विचारलं, ही अजून चालते का? सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

नाना पुढे झाले. माझ्या कामाबद्दल चारचौघांत ते पहिल्यांदाच बोलले, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मनी पोरनी भरेल शे," ते म्हणाले. "आजलगून एकदाबी जळनी नही."