हत्ती वाटेत आहेत

सिकंदराचं सुतक पाळलेला माणूस साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नाशकात पंचवटीत राहतो. मी स्वतः साक्षीला आहे. सिकंदर बाबिलोनमध्ये तापाने गेला तो आमच्या पॉडकास्टचा भाग आम्ही मंगळवारी दुपारी रेकॉर्ड केला, आणि बुधवारी सकाळी हा माझा मित्र रामकुंडावर आपल्या छत्रीखाली बसलाच नाही. पिढीजात उपाध्याय माणूस. लोक त्याच्याकडे सुतक फेडायला येतात, आणि हा स्वतःच धरून बसलेला. शोधत घरी आलेल्या एका यजमानाला त्याने ओट्यावरूनच सांगितलं, "आमच्यातला एक गेलाय. दहा दिवस मला काही करता यायचं नाही."

"अरारा! कुठं व्हता?"

"बाबिलोनला. इराकात."

"आखातात नोकरीला म्हना की. वय काय व्हतं?"

"तेहतिसावं चालू होतं."

"लय वाईट झालं, गुरुजी. पोरंबाळं?"

"बायको पोटुशी आहे."

यजमानाने टॉवेल डोळ्यांना लावला. आतून वहिनी सगळं ऐकत होत्या. यजमान गेल्यावर त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, तेवीसशे वर्षं झाली त्याला जाऊन!" त्यावर हा शांतपणे म्हणाला, "आपल्याला काल कळलं ना? कळल्यापासून धरायचं असतं." वर्ष उलटून कळलं तर नुसत्या आंघोळीवर भागतं, हा नियम मला त्यानेच शिकवलेला. पण तो मोडायला सिकंदराइतका मोठा माणूस लागतो, असं त्याचं म्हणणं पडलं. पुढे सर्वपित्री अमावास्येला त्याने सिकंदराच्या नावाने पिंडही दिला. गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं, तेव्हा मॅसेडोनियाचा तो राजा आता काश्यप गोत्राचा आहे.

आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तेव्हापासून सगळे त्याला गुरुजीच म्हणतात. मीही म्हणतो, फक्त अरेतुरे करून. मी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढला. निवृत्त होऊन इंदिरानगरात फ्लॅटमध्ये बसलो तेव्हा माझ्याजवळ दोनच गोष्टी उरल्या होत्या: दुसऱ्याच्या कामात चूक काढायची सवय आणि वेळ. गुरुजीला दोन्हींची गरज होती. टाळेबंदीत घाट ओस पडला, तेव्हा त्याने वाचनालयातला सिकंदरावरचा एक जाडजूड ग्रंथ घरी आणला आणि परत म्हणून केला नाही. एके दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला. "अरे, हा पोरगा सगळं जग जिंकून गेला, आणि मागे वाटणी कशी करायची ते सांगितलं नाही! विचारलं तर म्हणे, जो सगळ्यात बळकट त्याला द्या. घरात एक जाणतं माणूस नव्हतं का रे?" सकाळी सातला मला दुसऱ्याच्या घरातल्या जाणत्या माणसांची चिंता नसते, पण त्याचा आवाज असा काही पेटलेला होता की मी म्हटलं, हे लोकांनी ऐकायला हवं. माइक मी आणला. इंटरनेटवर चढवायचं काम माझ्या अंगावर पडलं, ते अजून उतरलेलं नाही.

आमचा स्टुडिओ म्हणजे त्याची वह्यांची खोली. नाशिकच्या उपाध्यायांकडे या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी उठतो, फडताळातून नेमकी वही काढतो आणि तुमचा पणजोबा कोणाच्या अस्थी घेऊन आला होता ते त्याच्याच सहीनिशी दाखवतो. मग तुम्ही खाली आपली नावं लिहायची. चारही भिंतींना वह्याच वह्या असल्यामुळे त्या खोलीत आवाज अजिबात घुमत नाही. इतकी चांगली खोली मला भाड्याने मिळाली नसती. मात्र खिडकीतून कुंडावरचे कावळे ऐकू येतात. मी ते काढून टाकायला बरेच दिवस धडपडलो. मग एका श्रोत्याने लिहिलं, "रणांगणावरचे कावळे फार परिणामकारक." तेव्हापासून मी त्यांना हात लावत नाही.

बाकीचे लोक इतिहास सांगताना लढाईने सुरुवात करतात. गुरुजी वंशावळीने करतो. नवा सरदार आला की त्याचा बाप कोण, आई कुठली, आजोळ कुठलं, हे झाल्याशिवाय त्या सरदाराला घोड्यावर बसता येत नाही. एकदा त्याने सिकंदराच्या घोड्याचीही चौकशी अशीच लावली होती. अर्धा तास गेल्यावर मी माइक बंद केला. अंतरं तो आपल्या हिशेबाने सांगतो. सिकंदर इराणच्या बादशहामागे धावला ते अंतर म्हणजे नाशिक ते नागपूर, तेही वाटेत चहा न घेता. सिकंदराचं शव मायदेशी नेत असताना टॉलेमी नावाच्या सरदाराने ती मिरवणूकच वळवून इजिप्तला नेली, हे सांगताना तर त्याचा आवाज कापायला लागला. "अस्थी मनमाडला फलाटावर विसरून आलेले यजमान मी पाहिलेत. पण प्रेत पळवणारा भाऊबंद पाहिला नव्हता!" हा भाग लोकांनी एकमेकांना इतका पाठवला की तो फिरून फिरून माझ्याच बायकोच्या भिशीच्या ग्रुपवर आला.

सिकंदराने जग जिंकलं ते त्याने तीन भागांत उरकलं. त्यानंतरची सरदारांची वाटणी मात्र सत्तर भाग झाले तरी चालूच होती. मी कुरकुर केली तर म्हणाला, "जिंकायला काय लागतं? दहा वर्षं. वाटायला चाळीस लागली." आणि वाटणी हा त्याचा खास विषय आहे, हे पंचवटीत सगळ्यांना ठाऊक होतं. उपाध्यायांच्या घरात वाटणी होते ती गावांची. वडील गेल्यावर दोघा भावांत गावं वाटली गेली: निफाड याच्याकडे, येवला थोरल्या दादांकडे, असं करत करत सगळं सुरळीत झालं आणि चांदवडच्या वहीवर अडलं. वडिलांचा हात थरथरायला लागल्यावर ती वही यानेच लिहिली होती, म्हणून ती आपली, असं हा म्हणे. थोरल्याकडे जायची रीत, म्हणून दादांनी ती नेली. त्याला चौदा वर्षं झाली. दोघे भाऊ एकाच घाटावर, तीस पावलांवर आपापल्या छत्रीखाली बसत, आणि चौदा वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

आता सिकंदराच्या सरदारांत अँटिगोनस नावाचा एक होता. सगळ्यांत वयस्क, सगळ्यांत हावरा, सगळं राज्य एकट्याला हवं म्हणणारा, आणि एका डोळ्याने आंधळा. दादांचाही डावा डोळा लहानपणीच गेलेला. एवढं आयतं हातात आल्यावर गुरुजीने काय केलं असेल ते सांगायला नको. त्याचा अँटिगोनस बोलण्याआधी तीनदा खाकरायचा. तहाची बोलणी चालू असताना अडकित्त्याने सुपारी कातरायचा. कोणी काही मागितलं की म्हणायचा, "बघू पुढं." सगळा घाट कानाला फोन लावून हसत होता. वहिनींनी एकदा विचारलंच, "तो ग्रीक माणूस आपल्या मोठ्या भाऊजींसारखी सुपारी कशी हो कातरतो?" हा म्हणाला, "इतिहासात सगळंच लिहून ठेवत नाहीत. काही जागा भराव्या लागतात." मला हे बरं वाटत नव्हतं, पण हसू आवरत नव्हतं हेही खरं.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटे. श्रोते वारंवार विचारत, "अँटिगोनसचा डोळा गेला कसा?" घोड्याचं आजोळ शोधणारा हा माणूस त्याचं उत्तर देत नसे. मी खोदून विचारलं तर म्हणे, "ते नंतर."

असं करत आम्ही शेवटच्या मोठ्या लढाईपाशी आलो. सगळे सरदार एक होऊन एकडोळ्यावर चालून जातात. त्यांतल्या सेल्यूकसने चंद्रगुप्त मौर्याकडून शेकड्यांनी हत्ती आणलेले असतात, म्हणजे आपल्याकडचे हत्ती. गुरुजीची छाती आधीच फुगलेली. मुलगा मदतीला येईल म्हणून म्हातारा वाट बघत उभा राहतो, मुलगा येत नाही, आणि तो तिथेच पडतो. गुरुजीने भागाच्या शेवटी ठणकावून सांगितलं, "पुढच्या रविवारी एकडोळ्या पडणार!" रामकुंडावर तर उत्सवाची तयारी असावी तसं वातावरण झालं.

शुक्रवारी दुपारी मी पोचलो तेव्हा हा वह्यांच्या खोलीत जमिनीवर बसला होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. दादांचा मेसेज होता. चौदा वर्षांतला पहिला.

"तो पडला तेव्हा एक्याऐंशीचा होता. मी शहात्तरचा आहे. घाई कशाला करतोस?"

मी आधी खो खो हसलो. मग गुरुजीकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "म्हणजे दादा सगळं ऐकतोय रे. पहिल्यापासून." थोड्या वेळाने म्हणाला, "माइक लाव."

मी हेडफोन चढवले. त्याने वंशावळ सांगितली नाही. एकदम सुरू केलं. "श्रोते विचारतात, अँटिगोनसचा डोळा कसा गेला. सिकंदराच्या बापाच्या वेळची गोष्ट. एका शहराला वेढा पडला होता, तेव्हा यंत्रातून सुटलेला बाण याच्या डोळ्यात घुसला. बाण न काढता हा लढत राहिला, असं म्हणतात. तो बाण कोणी सोडला, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण मला माहीत आहे. तो सोडणारा सात वर्षांचा होता. घरामागच्या बोळात विटीदांडू चालला होता. मोठा म्हणाला होता, जपून मार. धाकट्याने जीव खाऊन मारली. मोठ्याने डोळा धरला आणि पहिलं काय सांगितलं असेल, तर दांडू लपव. वडिलांना म्हणाला, घाटाच्या पायरीवरून घसरलो. घाटावर हुंदडतोस म्हणून वडिलांनी त्यालाच बोल लावले. त्रेसष्ट वर्षं झाली. त्याने कोणालाही सांगितलं नाही. मला चुकूनसुद्धा बोलून दाखवलं नाही. चांदवडच्या वहीवरून मी त्याला नको नको ते बोललो, तेव्हासुद्धा नाही."

मी या माणसाशेजारी बाकावर बसलेलो. दादा पायरीवरून घसरले, हे मीही जन्मभर खरं धरून चाललो होतो. तपासणी खात्यातला माणूस मी! त्या भागात तो दोनदा थांबला, एकदा नाक शिंकरलं, आणि कावळे तर सबंध वेळ ओरडत होते. मी त्यातलं काहीच कापलं नाही. रविवारी तसाच चढवला.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम घाटावर गेलो. दादा आपल्या छत्रीखाली सुपारी कातरत बसले होते, जसे रोज बसतात. गुरुजी इकडे पाण्याकडे तोंड करून. नऊच्या सुमाराला टोपीवाला एक शेतकरी बायकोबरोबर आला, दादांच्या छत्रीपाशी थांबला, काही बोलणं झालं, आणि मग तीस पावलं चालून आमच्याकडे आला. त्याच्या हातात लाल बासनात बांधलेलं काहीतरी होतं.

"रामराम गुरुजी. आमी चांदवडचं. आईचं कार्य करायचं हाय. त्या थोरल्या गुरुजींनी धाडलं. म्हनले, आमच्याकडं नाय, धाकल्याकडं जा, तुमचं गाव त्याचं हाय. आन ही वही द्या म्हनले."

गुरुजीने बासन सोडलं. सुरुवातीला वडिलांचं अक्षर, मग काही पानं याचं स्वतःचं, आणि त्यापुढे चौदा वर्षं दादांचं. एका डोळ्याने लिहिलेल्या ओळी. प्रत्येक ओळ सरळ निघायची आणि शेवटाकडे वर चढत जायची. एक नाव चुकलेलं नव्हतं. गुरुजी त्या ओळींवरून बोट फिरवत राहिला आणि चांदवडकर नवराबायको अवघडून उभे राहिले. शेवटी मीच त्यांना बसायला सांगितलं.

कार्य झालं. नावं लिहून झाली. मग गुरुजीने वही पुन्हा बासनात बांधली, उठला आणि ती काखेत धरून तीस पावलं चालत गेला. सत्तरीच्या माणसाला तेवढं चालायला किती वेळ लागावा? त्याला बराच लागला. तो दादांच्या चटईवर टेकला. दादा तीनदा खाकरले, एवढं मला दिसलं. पुढचं कावळ्यांनी ऐकू दिलं नाही. वही अजून तिथेच आहे. आता दोघेही तीत लिहितात, असं वहिनी सांगतात.

त्या लढाईचा भाग आम्ही अजून केलेला नाही. गुरुजी आता दर रविवारी सेल्यूकसच्या हत्तींबद्दलच बोलतो. त्यांना रोज किती ऊस लागतो, नदी कशी ओलांडतात, माहुतांची आजोळं कुठली. श्रोते चिडतात, लढाई कधी, लढाई कधी म्हणून विचारतात. उत्तरं द्यायचं काम माझं. मी प्रत्येकाला एकच लिहितो: हत्ती वाटेत आहेत, हिंदुकुशात बर्फ फार आहे. परवा खाली दादांचाही शेरा आला, "बघू पुढं." या चैत्रात त्यांना सत्त्याहत्तर पूर्ण झाली. मी जन्मभर विमानं वेळेवर बाहेर पडावीत म्हणून लोकांच्या मागे लागलो. पण हे हत्ती जितके रेंगाळतील तितके मला हवे आहेत.