भिंतीलाही थंडी वाजते

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर कोणी काही लिहिलेलं नाही, आणि मी जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरातच. मिस्त्रीमामांवर लिहायचा अधिकार असलाच तर तो माझ्या बाबांना आहे, कारण त्यांनी वीसेक वर्षं मामांच्या हाताखाली विटा वाहिल्या आणि माल कालवला. पण बाबा सहीपुरतंच लिहितात. शिवाय या लिखाणात एक गोष्ट अशी आहे जी बाबा कधीच लिहिणार नाहीत, आणि मी लिहिली नाही तर ती तशीच राहून जाईल. म्हणून धाडस करतो आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

साऱ्या वऱ्हाडात थंडीला भिणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका अकोल्यात राहत होता. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातली गंमत समजेल. मे महिन्यात आमच्या वस्तीतली माणसं ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पडून असायची, आणि मिस्त्रीमामा सगळ्यांना बजावत फिरायचे, "थंडीचा भरोसा नाही, बापू. ते सांगून येत नाही." मामा माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. तरुणपणी ते एका ठेकेदाराबरोबर उत्तरेकडच्या पहाडात गेले, चार महिन्यांसाठी म्हणून गेले आणि सतरा वर्षं तिथंच राहिले. तिथं वर्षातला अर्धा काळ बर्फ. तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादाने त्यांना विटेची भिंत शिकवली, आणि ती विद्या घेऊन ते परत आले ते थेट चव्वेचाळीस डिग्रीत. माणूस परत आला, पण त्यांच्या डोक्यातला बर्फ काही वितळला नाही.

त्यांचं म्हणणं साधं होतं. माणसाला वाजते तशी भिंतीलाही थंडी वाजते. नव्या भिंतीला तर तान्ह्या लेकरासारखी. त्यामुळे दिवाळीनंतर चार वाजले की मामा काम बंद करायचे. मालक कितीही ओरडला तरी थापी धुऊन ठेवायचे आणि त्या दिवशी उभ्या राहिलेल्या भिंतीवर बारदाना पांघरायचे. बारदाना कमी पडला तर घरून गोधडी आणायचे. आमच्या मामी तेव्हा होत्या. एकदा भर पौषात त्या कामावरच येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मले पांघराले फाटकं लुगडं, अन् भितीले माहेरची गोधडी. हिच्याशीच लगन लावाचं होतं." मामा शांतपणे म्हणाले, "तू शेकोटीजवळ बसू शकते. ते जाईन का शेकोटीजवळ?" मामींनी गोधडीचं मातीत लोळणारं टोक तेवढं वर खोचलं.

विटेच्या बाबतीत ते कानाचे माणूस होते. भट्टीवरून गाडी आली की मामा जमिनीवर मांडी घालून बसायचे, दोन दोन विटा एकमेकींवर हलकेच वाजवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. खणखणली तर उजवीकडे, भद्द वाजली तर डावीकडे. डावीकडचा ढीग नेहमीच मोठा व्हायचा. गाडीवाला वैतागून म्हणायचा, "काका, तबला घ्याचा हाय का भीत बांधाची हाय?" मामा उत्तर द्यायचे, "कच्च्या इटेच्या पोटात पाणी शिरते. पाण्याचा बर्फ झाला का ते फुगते. मंग इट पापड सोडते." गाडीवाला आकाशाकडे बघायचा. वर ऊन असं असायचं की त्याच्या चपलेचा तळवा मऊ पडलेला असायचा. पण विटा बदलून आणाव्या लागायच्याच. याच कानांपायी मामांनी मोबाइल कधी घेतला नाही. मुलीने आणून दिलेला त्यांनी दुसऱ्या दिवशी परत केला. "कानात कोणी बोललं का दोन दिवस इटेचा आवाज नीट येत नाही," म्हणाले.

ही वाजवण्याची सवय कामापुरती नव्हती. लग्नात, तेराव्याला, दवाखान्यात, कुठंही गेले की आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघायचे. त्यांच्या मुलीसाठी बडनेऱ्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, नोकरीवाला. सगळी पोहे खात होती आणि मामा उठून मागच्या भिंतीला कान लावून उभे. परत येऊन म्हणाले, "नाही जमत." कारण विचारलं तर म्हणाले, "भितीले खालून ओल आहे. आपल्या घराकडं जो पाहत नाही तो पोरीकडं काय पाहीन?" पुढे मुलगी अचलपूरला दिली. ते घर जुनं, हातभर रुंद भिंतींचं. जावई काय करतो हे मामांना लग्न ठरल्यावर चार दिवसांनी कळलं, असं आई सांगते.

पण त्यांचा खरा जीव होता दुहेरी भिंतीत. म्हणजे एक भिंत बाहेरची, एक आतली, आणि मधे तीन बोटं मोकळी जागा. ही मधली हवा म्हणजेच घराचं स्वेटर, असं ते म्हणायचे. दोन्ही भिंतींना धरून ठेवायला अधूनमधून लोखंडी तार, आणि तारेला मधोमध खाली एक बाक, म्हणजे बाहेरचं पाणी तारेवरून आत न जाता तिथूनच खाली टपकेल. त्या पोकळीत माल पडू नये म्हणून मामा एक लाकडी पट्टी दोन दोऱ्यांना बांधून आत सोडायचे आणि दर चार थरांनंतर वर ओढून घ्यायचे. पट्टीवर सांडलेला माल बाबांना दाखवून म्हणायचे, "हे आत राहिलं असतं तं पाण्यानं याचाच पूल केला असता." अकोल्यात अशी भिंत कोणी बांधून घेईना. एकाच्या जागी दोन भिंती कशाला, म्हणून लोक हसायचे. मामा आयुष्यभर साध्या भिंती बांधत राहिले आणि थंड हवेच्या गिऱ्हाइकाची वाट बघत राहिले.

ते गिऱ्हाईक शेवटी भेटलं. एक निवृत्त सर चिखलदऱ्याला घर बांधायला निघाले होते. वर डोंगरात धुकं, चार महिने झोडपणारा पाऊस, हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. सरांनी मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बांधा. त्या दिवशी मामा आमच्या घरी आले, चहा प्यायचं विसरून गेले. बाबांना म्हणाले, "तुले सांगू का, ही एक भीत उभी राहू दे. लोकं येऊन पाहतीन. मंग आपल्याले बोलावाच लागन." साठी उलटलेला माणूस, पण नोकरीची ऑर्डर हातात पडल्यासारखा बसला होता.

मी तेव्हा अमरावतीला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांना भेटायला चिखलदऱ्याला गेलो. घर जवळजवळ पुरं झालं होतं आणि मामा काही सामानासाठी खाली परतवाड्याला गेले होते. मी कॉलेजात शिकतो हे कळल्यावर सरांनी मला खुर्ची दिली. "या इंजिनिअर साहेब," म्हणाले, आणि कपबशीत चहा आला. बाबा समोर हौदाशी घमेली धूत उभे होते. बाबा उभे आणि मी खुर्चीत, असं याआधी कधी झालं नव्हतं. मला ते अवघड वाटत होतं आणि, खरं सांगायचं तर, बरंही वाटत होतं.

मग सरांनी विचारलं, "ही भिंतीच्या पायाशी भोकं कशाला ठेवलीत हो?" बाहेरच्या भिंतीच्या अगदी खालच्या थरात, दोन विटांमधले काही उभे सांधे मालाविना मोकळे होते. मी मोजले, अकरा होते. कशाला ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. खुर्चीत बसून ते मला म्हणवेनात. मी म्हणालो, "सांधे भरताना राहून गेले असतील. बुजवून घ्या, नाहीतर विंचू शिरतील."

सरांनी बाबांना हाक मारली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्रीले इचारू का पहिले?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, "त्यात काय विचारायचं, बाबा?" बाबांनी माल कालवला आणि माझ्यासमोर एकेक करून अकराही भोकं बुजवली. माझा शब्द त्यांनी कामावर ऐकला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मी संध्याकाळच्या एसटीने निघून आलो. दुसऱ्या दिवसापासून घरात आतली फरशी सुरू झाली, आणि मामांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

त्या पावसाळ्यात सरांच्या घराला आतून ओल आली. आधी पश्चिमेकडच्या खोलीत, मग सगळीकडे. पोपडे सुटले, कपाटातली पुस्तकं भिजली. सरांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंत दाखवली आणि सांगितलं की दुहेरी भिंतीचं खूळ ऐकू नका. लोक येऊन पाहतील असं मामा म्हणाले होते, आणि लोकांनी खरंच येऊन पाहिलं. मामा वर जाऊन भिंत पाहून आले. त्यानंतर दुहेरी भिंतीचं सोडा, साध्या भिंतीलाही त्यांना कोणी बोलावेना. मामी आदल्याच वर्षी गेल्या होत्या. मुलीने अचलपूरला बोलावलं, तिथंही गेले नाहीत. दिवाळीनंतर एक पिशवी, थापी आणि ओळंबा घेऊन ते पुन्हा पहाडात गेले. स्टेशनवर मी होतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिक. चांगला शिक." मला वाटलं, निरोपाचं बोलत आहेत.

तिसऱ्या वर्षी एका पुस्तकात मला ती भोकं सापडली. अर्ध्या पानाचा मजकूर आणि एक आकृती. बाहेरच्या भिंतीतून झिरपलेलं पाणी पोकळीतून खाली येतं, त्याला बाहेर जायला वाट लागते, म्हणून तळाशी सांधे मोकळे ठेवायचे. वाट बंद केली तर पाणी साठून आतल्या भिंतीत चढतं. परीक्षेत हाच प्रश्न आला आणि मी पूर्ण गुण मिळवले. बाहेर मात्र मी कोणाला काही बोललो नाही. जवळजवळ वर्षभर बोललो नाही. हे लिहिताना लाज वाटते.

शेवटी एका श्रावणात, पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून, मी बाबांना म्हणालो, चिखलदऱ्याला चला. कशाला ते सांगितलं. बस घाटाला लागल्यावर बाबा म्हणाले, "मिस्त्रीले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"ओल पाहाले आले होते ना, मी संगं होतो. बुजवलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं अन् म्हणले, हा तं तुयाच हात आहे. मी म्हटलं, हाव. कोण सांगतलं म्हणले. मी कायी बोललो नाही. मंग समजले ते. सरले म्हणले, मी हे मोकळे करतो. सर म्हणे, इंजिनिअर पोरानं सांगून बुजवले, तुमी आता हात लावू नका. मिस्त्री म्हणले, असं असन तं राहू द्या, मायंच चुकलं असन. खाली उतरताना मले म्हणले, पोट्टं शिकून राह्यलं. शिकू दे त्याले. त्याले सांगजो नको."

सरांसमोर या वेळी मी खुर्चीत बसलो नाही. सगळं सांगितलं. सर रागावतील असं वाटलं होतं, पण ते नुसते छत्री घेऊन बाहेर आले. मी छिन्नी-हातोडीने सांधे मोकळे करायला लागलो. पहिल्या दोनांतून काहीच आलं नाही. पश्चिमेच्या बाजूचं तिसरं मोकळं केलं तसं आतून गढूळ पाणी आलं, आधी थेंब थेंब, मग चांगली धार. आम्ही तिघं पावसात उभं राहून ती धार बघत होतो. दिवाळीच्या आत सरांचा फोन आला. भिंत कोरडी होती. मिस्त्रींना कळवा म्हणाले.

कळवायचं कसं? फोन त्यांच्याकडे नाही, आणि वाचता त्यांना येत नाही. आमच्या वस्तीतला संजू स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामाला मामा असतात त्याच पहाडी पट्ट्यात जातो. त्याच्याजवळ मी सगळा निरोप दिला. भोकं मी बुजवायला सांगितली होती, आता मोकळी केली, भिंत सुकली. त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. हिवाळाभर तिकडचे रस्ते बंद होते, संजूचाही फोन लागला नाही. भीमजयंतीला तो घरी आला तेव्हा दारातच मी विचारलं, सांगितलंस का?

"सांगतलं," संजू म्हणाला. "पण मामाचे कान गेले, भाऊ. बिलकुल ऐकू येत नाही. इटा वाजवता येत नाही म्हणून काम सोडलं त्याईनं. त्याईनंच बांधलेलं एक घर आहे तिथं, त्याच्या मागच्या खोलीत राहतेत. बाहेर बर्फ, अन् त्या खोलीत शेगडी नाही लागत. मी ओरडून ओरडून थकलो."

"मग?"

"मंग त्याईले हात धरून भितीजवळ नेलं. खाली भोक होतं त्यात काडी घातली, अन् असं पाणी वाह्यल्यासारखं केलं. मंग तुया इशारा म्हणून, पुस्तक वाचते तसं करून दाखवलं. मंग त्याईचा हात धरून आतून भितीवर फिरवला. सुकी, सुकी. लय वेळ तसेच हात ठेवून उभे होते. समजलं त्याईले. बहिरे माणसं बोलतेत तसं मोठ्यानं इचारलं, कोणत्या बाजूचं पाणी पहिले निघालं? मले काय मालूम? मी उगाच मान हलवली."